सेथ्राने त्या दिवशी काय वाजवलं

सेथ्राच्या दोन्ही गालांवर कातडी पट्ट्याचे वळ होते. जोडपावा वाजवणाऱ्याला तोंडाभोवती पट्टा आवळावाच लागतो, त्याशिवाय दोन नळ्यांत एकदम फुंकर टिकत नाही. तिच्या बापालाही तसेच वळ होते, पण ते दाढीत लपायचे. सेथ्राचे उघडे. लग्नाच्या वयाची झाली तेव्हा तिच्या आईने, लार्थीने, वळांवर चोळायला मेंढीची चरबी आणून दिली. पोरीने ती नळ्यांना चोळली आणि वर म्हणाली, "नळ्या छान राहतात गं आई, अजून आण."

मी वेंझा, शेजारचा. त्यांची आणि आमची भिंत एक. माझा धंदा जाळी विणण्याचा, रानडुकराची जाळी, आणि आमच्याकडे पाव्यावाचून डुकराची शिकार होत नाही. त्यामुळे या घराशी माझा जन्माचा संबंध. सेथ्रा गेल्या सुगीत गेली. तिच्याबद्दल आमच्या गावात, वेलाथ्रीत, काय बोलतात ते मी आयुष्यभर ऐकत आलो. पाणवठ्यावर बोलतात, बाजारात बोलतात, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तेसुद्धा मान हलवून बोलतात. ती जिवंत होती तोवर तिने माझं तोंड बांधून ठेवलं होतं. आता ती नाही, तर मी बोलणार. मला गोड बोलता येत नाही, ज्याला ऐकवत नसेल त्याने उठून जावं.

आमच्या गावात प्रत्येक कामाला धून असते. भट्टीवर कणीक मळायची तर तिची एक धून. मुठींनी लढणाऱ्यांची एक. चाबूक मारायचा तर त्याचीही एक, आणि याला रोमवाले पोट धरून हसतात. हसोत. सेथ्राने चाबकाची धून मात्र कधी वाजवली नाही. मोठ्या घरचा कारभारी बोलवायला आला की दारातूनच सांगायची, "मारायचंच आहे ना, मग मुकाट्याने मारा की. तुम्हाला ताल कशाला लागतो?" अशी फटकळ बाई. लग्न झालं होतं, नवरा तापाने गेला, ती परत आईकडे आली आणि बापाचा पावा हातात घेतला. बाईमाणसाने हे वाजवावं की नाही असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. तेही रोमवालेच विचारतात.

डुकराची धून सगळ्यांत अवघड. रानात तीन बाजूंनी जाळं लावायचं, एक बाजू मोकळी सोडायची, आणि वाजवणाऱ्याने मधे बसून हलकेच सुरुवात करायची. खालचा सूर, लांबलेला, कुठेही धसमुसळेपणा नाही. जनावर आधी कान टवकारतं, मग पाऊल टाकतं, मग येतच राहतं. आणि एक रीत आहे. ही धून ऐकून जाळ्यापाशी जो कोणी येईल, गुराखी असो, भटका असो, चोर असो, त्याला मांसाचा वाटा द्यायचा. रानाचं आहे, रानातल्याला द्यायचं. कोणी नाव विचारत नाही.

मरणाची धून मात्र प्रत्येक घराची आपापली. घरातलं माणूस गेलं की दारात वाजते, एरवी तिला फुंकर घालत नाहीत. पुढच्याला शिकवायची तरी नळ्यांवर नुसती बोटं नाचवून शिकवायची. सेथ्राच्या घरची धून मी एकदाच ऐकली होती, तिचा बाप गेला तेव्हा. सुरुवातीला ती डुकराच्या धुनेसारखीच वाटते, तशीच खाली वाकलेली. मग हळूच दुसरीकडे वळते. तेव्हा तिचा धाकटा भाऊ आउले खाली मिठाच्या झऱ्यांवर कामाला होता. वाऱ्यावर ती ऐकून चढ धावत आला होता, अंगावर मिठाचे पांढरे डाग तसेच.

आउले म्हणजे लार्थीचा जीव. आमच्यात माणसाला आईच्या नावानेही ओळखतात, आणि या पोराला तर सगळं गाव 'लार्थीचा' एवढंच म्हणायचं. गोफण अशी मारायचा की उडत्या कावळ्याने वाट बदलावी. तोंडही तसंच.

मग रोमवाले आपापसांत एकमेकांच्या जिवावर उठले. जो पक्ष हरला त्याची माणसं पळून आमच्या तटाआड आली, आणि आम्ही त्यांना आत घेतलं. चूक की बरोबर ते शहाण्यांनी ठरवावं. जो जिंकला त्याने आम्हाला वेढा घातला. दोन हिवाळे आम्ही आत होतो. काय काय खाल्लं ते सांगत नाही. आउले तटावर उभा राहून गोफण चालवायचा आणि लॅटिनमध्ये खालच्यांच्या आयाबहिणींची चौकशी करायचा. खालच्या घोडेस्वारांचा एक नाईक होता, तांबड्या दाढीचा. त्याला तर आउलेने गाणंच रचून ऐकवलं होतं. आमची माणसं उपाशीपोटी हसायची. तो तांबड्या खाली उभा राहून शांतपणे ऐकायचा. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं.

शेवटी बोलणी झाली. बाहेरून आलेल्यांनी निघून जावं, वाटेत कोणी हात लावणार नाही, असा शब्द मिळाला. आउले त्यांना वाट दाखवायला पुढे झाला. दरवाजा उघडला, माणसं उतार उतरून मोकळ्या माळावर गेली, आणि घोडेस्वारांनी त्यांना तिथेच कापलं. आम्ही तटावरून बघत होतो. थोडे ओकच्या रानात घुसले. त्यांत लार्थीचा होता, हे एका मेंढपाळाने येऊन सांगितलं. त्या दिवसापासून लार्थीने दाराची कडी लावली नाही. पण रानाभोवती पहारे होते, तो येणार कुठून आणि आम्ही जाणार कुठून.

ओकची फळं गळायला लागली तेव्हाची गोष्ट. लार्थी चुलीपाशी हरभरे निवडत होती. सेथ्रा नळ्यांना दोरा गुंडाळत होती आणि मी उगाच बसलो होतो. तेवढ्यात लारिस आला. हा लारिस आमच्याच गावचा, खालच्या दरवाजाकडचा. वेढा उठून रोमवाले गावात आल्याबरोबर याने दाढी उतरवली, नाव बदलून लुकियुस केलं आणि रोमवाल्यांचा दुभाषा झाला. त्याची आई त्याला लारिसच म्हणायची आणि तो वळूनही बघायचा, हेही खरं.

"सेथ्रा, आहेस का गं?"

"दार उघडं आहे, मी समोर बसलेय, आणि विचारतोस काय?"

"नाईकांना डुकराचं मांस खायचंय. उद्या रानात जाळं लावायचं. वेंझा, तू जाळी घे, आणखी दोघं घे. सेथ्रा वाजवेल."

लार्थीने मान वर केली नाही. "खायचं त्यांना, तर वाजवावंही त्यांनीच. लारिस, तुझी आई बरी आहे ना रे? बोलते का तुझ्याशी?"

त्याच्यामागून तांबड्या आत आला. घरात वाकून यावं लागतं, तो वाकला आणि सरळ होऊन लार्थीकडे बघत राहिला. मग लॅटिनमध्ये दोन शब्द बोलला. लारिसचा आवाज बारीक झाला. "ते म्हणतात, म्हातारी उद्या वेशीवर पहाऱ्यापाशी बसेल. तुम्ही परत येईपर्यंत."

सेथ्राने दोरा खाली ठेवला. "डुकरासाठी ओलीस कशाला रे?"

"सेथ्रा, डोकं चालवू नकोस. वाजव आणि मोकळी हो."

"वाट्याची रीत तू सांगितलीस यांना?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"कसं विचारलं? 'तुमच्यात उपाशी माणसं रानातून बाहेर कशी काढतात,' असं?"

लारिस म्हणाला, "त्यांना बाकीच्यांशी काही देणंघेणं नाही. त्यांना तो गाणं म्हणणारा हवाय. आणि हे बघ, दुसरं काही वाजवायचं मनात आणू नकोस. मी इथलाच आहे. कणकेची, लढतीची, चाबकाची, मला सगळ्या धुना कळतात. चुकीचं वाजलं तर मला सांगावं लागेल. नाही सांगितलं आणि त्यांना कळलं, तर माझी मान जाईल. आणि म्हातारीचं काय होईल ते तुला सांगायला नको."

ते गेले. लार्थीने हरभऱ्याची परात बाजूला सारली. "सेथ्रा, ऐक. तू वाजवणार नाहीस."

"आई..."

"माझं काय करायचं ते करू देत. माझं झालंय सगळं बघून. वाजवलंस तर तू माझ्या पोटची नव्हेस."

सेथ्रा दोरा आणि नळ्या उचलून आत गेली. संध्याकाळी भिंतीपलीकडून नळ्यांवर बोटं पडताना ऐकू येत होती. टकटक, थोडा वेळ थांबून पुन्हा टकटक. फुंकर नव्हती. उद्याच्या भीतीने बोटं चाळवत असेल असं मला वाटलं.

सकाळी धुकं होतं. वेशीवर लार्थीला एका दगडावर बसवलं होतं आणि ती पहारेकऱ्याला आमच्या भाषेत सांगत होती की बाबा, जरा सरक, वारा अडव, उभाच आहेस तर उपयोगी पड. सेथ्राने स्वतःची शाल काढून तिच्या डोक्यावरून घातली. लार्थीने ती झटकून टाकली. सेथ्राने उचलून पुन्हा घातली. "आई, भांडायचं ते आल्यावर भांड. डोक्यावरून घे, गारठशील." मग मागे न बघता चालू लागली.

रानात मी नेहमीसारखं जाळं लावलं. हात सवयीने चालत होते. जाळ्यामागे झुडपांत तांबड्याची माणसं भाले घेऊन आडवी पडली. सेथ्रा मधे एका बुंध्याला टेकून बसली, तिच्याशेजारी लारिस, आणि मी जाळ्याची दोरी धरून त्यांच्यापासून हातभर अंतरावर. तांबड्या आमच्या पाठीशी. त्याच्या श्वासाला लसणाचा वास येत होता.

सेथ्राने पट्टा आवळला. मी मनातल्या मनात आउलेशी बोलत होतो. झोपून राहा रे. बहिरा हो. कालच कुठे डोंगरापलीकडे निघून गेला असलास तर फारच छान.

तिने डुकराची धून धरली. शुद्ध, स्वच्छ, बापाने शिकवली तशी. लारिसने मान डोलावली. सूर खाली वाकले, लांबले, धुक्यात शिरले. आणि मग मला जाणवलं की ते दुसरीकडे वळले आहेत. क्षणभर कळेना की हे कुठे ऐकलंय. मग एकदम माझ्या डोळ्यांसमोर तिच्या बापाची तिरडी आली. बाई त्यांच्या घरची मरणाची धून वाजवत होती. संध्याकाळी भिंतीपलीकडे ती तेच घोकत होती.

मला तिचा डाव कळला. ही धून शेजाऱ्यांखेरीज गावात कोणाला ठाऊक नाही, लारिसला तर नाहीच, तो खालच्या दरवाजाकडचा. रानात लपलेल्यांत ती ओळखणारा एकच माणूस. त्याला ती सांगत होती की इथे मरण आहे, येऊ नकोस. मनात म्हटलं, शाब्बास गं.

लारिसची मान डोलायची थांबली. त्याने कान दिला. पुन्हा दिला. मग तिच्या कोपराला हात लावला.

"हे काय वाजवतेस?"

तिने नळ्या बाजूला केल्या. "डुक्कर."

"असं नसतं ते."

"तू किती डुकरं धरलीस रे लारिस? या दिवसांत फळं खाऊन त्याचं पोट टम्म असतं. भुकेच्या धुनेला ते हुंगूनही बघत नाही. त्याला लाडीगोडीने बोलवावं लागतं. की तू वाजवतोस? घे."

लारिसने माझ्याकडे पाहिलं. "वेंझा?"

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "भरल्या पोटाच्या डुकराची वेगळीच." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तांबड्याने मागून काहीतरी विचारलं. त्याचा हात लारिसच्या खांद्यावर होता, मायेने ठेवल्यासारखा. त्याला शंका होती. पण नुसत्या शंकेवर बोलून चुकला असता तरी त्याच्याच गळ्याशी आलं असतं. शेवटी तो लॅटिनमध्ये म्हणाला, "ठीक आहे. हंगामाप्रमाणे बदलतात." एवढं लॅटिन मला येत होतं.

सेथ्राने पुन्हा नळ्या तोंडाला लावल्या. आता ती फक्त तीच धून वाजवत होती, वरून कसलं पांघरूण नाही. रानात कसलीच हालचाल नव्हती. एक पाखरू ओरडून उडालं तेव्हा भालेवाल्यांतला एक अर्धा उठला, दुसऱ्याने त्याला खाली ओढलं. मग पुन्हा काही नाही. धुकं विरळ झालं. ऊन झाडांतून खाली आलं. कोणी आलं नाही. मांड्या अवघडल्या, माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, आणि तरी मला आनंद होऊ लागला होता. तांबड्याने जांभई दिली. अंगरखा झटकला. लारिसने हळूच श्वास सोडला आणि सेथ्राला म्हणाला, "पुरे. नाही आज कोणी."

तेव्हा तो आला.

वाट्याला येणारा माणूस कसा येतो ते मी जन्मभर पाहिलंय. वाकून येतो, या झाडाआडून त्या झाडाआड, पळायची तयारी ठेवून. आउले तसा आला नाही. तो उघड्यावरून, ताठ चालत आला. अंगावर चिंध्या होत्या, आणि डोक्यावर त्याने मूठमूठ माती घातली होती, आमच्यात घरचं माणूस गेल्यावर घालतात तशी. तोंडावरून पाण्याचे ओघळ आले होते, मातीतून वाट काढून. त्याने जाळ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही, लारिसकडेही नाही.

"ताई," तो म्हणाला, "आई कधी गेली गं?"

सेथ्राच्या हातातला पावा खाली पडला. ती उठली, पट्टा तसाच तोंडाभोवती, त्यामुळे तिला नीट ओरडताही येईना. "आई आहे रे! आई जिवंत आहे, पळ, आउल्या, पळ!"

त्याने ते ऐकलं. हे मी शपथेवर सांगतो. त्याचा चेहरा उजळला, लहानपणी शर्यत जिंकल्यावर उजळायचा तसा. पळायला त्याचा पाय उचललाही होता. पण झुडपांतून भाले आले आणि तो माझ्याच जाळ्यावर पडला. त्याच्या अंगाखालून दोरी सोडवून घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी ती सोडवत बसलो. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

तांबड्या पुढे आला. पायाने आउलेचं तोंड वळवून बघितलं आणि लारिसला विचारलं, "काय म्हणाला हा?"

लारिसला सगळं समजलं होतं. डोक्यावरची माती, तो प्रश्न, आणि इतका वेळ वाजत होती ती धून. त्याने खरं सांगितलं असतं तर सेथ्रा तिथेच मेली असती आणि वेशीवर लार्थी. तांबड्याने पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने.

"मांसाचा वाटा मागत होता," लारिस म्हणाला.

"आणि ही काय ओरडली?"

"घे म्हणाली. ये आणि घे."

तांबड्या हसला. त्याची माणसं हसली. लारिस त्यांच्याबरोबर हसला नाही. या माणसाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण त्या दिवसानंतर त्या घालताना माझी जीभ जरा अडखळायची.

परत येताना सेथ्रा माझ्याशेजारून चालत होती. चालता चालता म्हणाली, "मला वाटलं, त्याला कळेल. इथे मरण आहे, एवढंच कळेल. त्याला आई वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, वेंझा. आईला तर मी सकाळीच शाल देऊन आले होते." मग पुन्हा तेच म्हणाली. वेस येईपर्यंत तेच म्हणत राहिली.

वेशीवर आमच्या आधी बातमी पोचली होती. शिपायांनी सांगितली, इतरांनी ऐकली, लार्थीपर्यंत आली ती अशी आली: बहिणीने डुकराची धून वाजवली, भाऊ मांसाला भुलून आला, बहीण म्हणाली ये आणि घे. माझ्याबरोबरच्या दोघा जाळीवाल्यांनी मान हलवली. ते जाळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला होते, त्यांना भाले दिसले, शब्द ऐकू गेले नाहीत. लार्थी दगडावरून उठली. शाल काढून तिने सेथ्राच्या पायांशी टाकली आणि तिच्यावरून चालत घरी गेली.

त्यानंतर लार्थी बरीच वर्षं जगली. एका छपराखाली, एका चुलीपाशी, आणि मुलीशी एक शब्द नाही. तिच्या हातचं खाईना. मग सेथ्रा पेज करायची, परसातल्या भिंतीवरून माझ्याकडे द्यायची, आणि मी पुढच्या दाराने जाऊन लार्थीपुढे ठेवायचो. लार्थी ओरपून खायची. "वेंझा, तुझ्या बायकोच्या हाताला चव आहे रे," म्हणायची. माझ्या बायकोला पेज धड येत नाही, ती करपवते. सेथ्रा चुलीपाशी पाठ करून बसलेली असायची. म्हातारी तिला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या घालायची, आणि रोज नव्या. गावही घालायचं. पाणवठ्यावर बायका हिची घागर आली की आपल्या घागरी बाजूला घ्यायच्या. पावा वाजवायला मग तिला कोणी बोलावलं नाही, तिनेही हात लावला नाही. गालांवरचे वळ हळूहळू पुसट झाले.

मी कितीदा तरी भांडलो. "सांग ना म्हातारीला. मी सांगतो. मी होतो तिथे."

"काय सांगशील?"

"तू डुक्कर वाजवलं नाहीस म्हणून. तो वाट्यासाठी आला नाही म्हणून."

"मग कशासाठी आला, विचारेल ती. काय सांगशील? तुझ्यासाठी आला? तू मेलीस असं वाटून आला?" तिने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की तिची बोटं उमटली. "मला शिव्या घालते तोवर ती उठते, खाते, झोपते. ते कळलं तर स्वतःला घालायला लागेल. तुला माझी शपथ आहे."

शपथ घातली, मग काय करणार. मी चरफडत जाळी विणली.

शेवटी लार्थी अंथरुणाला खिळली. तेव्हाही भरवायला मीच. एका दुपारी मी पेजेचं भांडं घेऊन गेलो तर तिने तोंड फिरवलं. चुलीकडे बघून म्हणाली, "सेथ्रा."

सेथ्रा दचकून वळली. इतक्या वर्षांत या घरात ते नाव म्हातारीच्या तोंडून निघालं नव्हतं.

"तो शेवटचं काय बोलला गं? लोक सांगतात ते मला ठाऊक आहे. तू सांग."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. सेथ्राने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. ती उठून आईच्या उशाशी येऊन बसली.

"तुझं विचारलं त्याने."

"माझं?"

"आई कशी आहे, म्हणाला."

लार्थीचा श्वास वरवर चालला होता. "मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आई आहे. बरी आहे."

"मग?"

"मग हसला."

म्हातारी छताकडे बघत पडून राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं, ते तिने पुसलं नाही. मी भांडं धरून तसाच उभा होतो. मग तिने सेथ्राकडे न बघता विचारलं, "ती पेज कोणी केलीय?"

"मी."

"कायमच तू करत होतीस?"

"हो."

"वाटलंच. याच्या बायकोला येत नाही." लार्थीने थोडा दम खाल्ला. "मी तुला माफ केलेलं नाही हं."

"नको करूस," सेथ्रा म्हणाली. माझ्या हातातलं भांडं तिने घेतलं, पळीत पेज घेऊन तिच्यावर फुंकर घातली. "तोंड उघड."

लार्थीने तोंड उघडलं.